पातळ सार आणि कोमट डबकें : जीवोत्पत्तीच्या वाङ्मयाचें एक परीक्षण

शास्त्रीय विषयावरील निबंध वाङ्मय म्हणून वाचावा कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, शास्त्रज्ञाला जें सांगावयाचें असतें तें आंकड्यांत व समीकरणांत संपतें. भाषा ही त्याच्या लेखीं केवळ हमाल. दुसरा पक्ष निबंधांतील एखादी झोकदार उपमा उचलतो, तिचें कौतुक करतो, आणि शास्त्र तेवढें अलगद बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखक कित्येक वर्षें या दुसऱ्या पक्षांत सुखानें नांदत होता. इंग्रजी निबंधवाङ्मय शिकवितांना जे. बी. एस. हाल्डेन यांचा जीवोत्पत्तीवरील १९२९ सालचा छोटेखानी निबंध मी वर्गांत आवडीनें वाचीत असें, आणि आदिकालचा समुद्र म्हणजे एक ऊन ऊन, पातळ सार, ही त्यांतली कल्पना आली कीं क्षणभर थांबून विद्यार्थ्यांकडे पाहत असें. मुलें हंसत, तास रंगे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका तासाला, रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतलेली एक विद्यार्थिनी मात्र हंसली नाहीं. तिनें विचारलें, "सर, सार इतकें पातळ असेल, तर त्यांतले रेणू एकमेकांना भेटणार कसे?" मी कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. त्या वेळ मारून नेण्याचें प्रायश्चित्त म्हणून हें परीक्षण लिहीत आहें, असें म्हटलें तरी चालेल.

हाल्डेन यांचा निबंध मूळ निघाला तो 'रॅशनॅलिस्ट ॲन्युअल' या इंग्रजी वार्षिकांत. तो सोयीनें वाचावयाचा तर जे. डी. बर्नाल यांचा याच विषयावरील १९६७ सालचा ग्रंथ काढावा. त्याच्या परिशिष्टांत हा निबंध संपूर्ण दिलेला आहे, आणि त्याच्या शेजारींच रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांची १९२४ सालची पुस्तिका इंग्रजी वेषांत बसविलेली आहे. दोन्ही लागोपाठ वाचावींत. पण त्यांच्याही अगोदर एक पत्र वाचणें अवश्य आहे, आणि मी तेंच इतकीं वर्षें वाचलें नव्हतें.

हें पत्र चार्ल्स डार्विनचें. १ फेब्रुवारी १८७१ रोजीं तें त्यानें आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर यास लिहिलें. जगांतील यच्चयावत् प्राण्यांची कुळकथा सांगणारा हा मनुष्य पहिल्या प्राण्याविषयीं मात्र जन्मभर तोंड मिटून बसला होता. १८५९ सालच्या मुख्य ग्रंथाच्या अखेरीस पहिल्या जीवांत प्राण फुंकला गेला, एवढेंच तो मोघम बोलला; पुढच्याच वर्षीच्या आवृत्तींत त्यानें तेथें निर्मात्याचें नांव घातलें; आणि १८६३ सालीं याच हूकरला लिहितांना, आपण लोकमतापुढें वांकलों याची खंत व्यक्त केली. छापील पानावर जें धाडस झालें नाहीं तें १८७१ च्या खाजगी पत्रांत झालें, तेंही मोठ्या संकोचानें. एखाद्या लहानशा कोमट डबक्यांत अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, प्रकाश, उष्णता, वीज हीं सर्व एकत्र येऊन एखादें प्रथिन तयार झालें आणि तें अधिकाधिक गुंतागुंतीचें होत गेलें, अशी कल्पना केली तर? या 'तर'चें ओझें त्याला स्वतःलाच इतकें जाणवलें कीं तो मध्येंच थांबून तें बोलून दाखवितो. आणि लगेच एक पक्की गोष्ट जोडतो : असा पदार्थ आज निर्माण झाला तर कोणता ना कोणता जीव त्याला तत्काळ खाऊन टाकील, जीव नव्हते तेव्हां ही आपत्ति नव्हती. पाश्चरनें नुकतेंच दाखवून दिलें होतें कीं, निर्जंतुक केलेल्या काढ्यांत आपोआप जीव उपजत नाहींत. डार्विनच्या या एका वाक्यानें पाश्चरला धक्का न लावतां आरंभाची वाट मोकळी ठेवली.

या पत्रांतील डबक्याची कल्पना पुढें जगप्रसिद्ध झाली. परंतु ज्यांनीं ज्यांनीं ती उचलली त्यांपैकीं बहुतेकांनीं डबकें घेतलें, कोमटपणा घेतला, आणि 'लहानसें' हें विशेषण वाटेंत टाकून दिलें. मीही तसेंच केलें असतें. आतां वाटतें कीं सगळा अर्थ त्या विशेषणांत आहे.

हाल्डेन यांच्या निबंधाकडे वळतांना हें मनांत ठेवावें. केंब्रिजमध्यें जीवरसायनशास्त्र शिकविणारा हा मनुष्य, महायुद्धांत खंदकांतून लढून आलेला, कोणाचीही भीड न धरणारा. निबंध आठ-दहा पानांचा. वाक्यें आंखूड, एकावर एक चढत जाणारीं. पांडित्य आहे, पण तें खिशांत ठेवलेलें. मुद्दा असा : आदिकालच्या हवेंत प्राणवायु नव्हता, म्हणून आज आपणांस सूर्याच्या अतिनील किरणांपासून वांचविणारा ओझोनचा पडदाही नव्हता, ते प्रखर किरण पाणी, कार्बन डायऑक्साइड व अमोनिया यांवर पडून शर्करादि सेंद्रिय द्रव्यें उत्पन्न झालीं, त्यांना खाणारें कोणी नव्हतें, कुजविणारें कोणी नव्हतें, म्हणून तीं सांचत गेलीं, आणि अखेर सबंध महासागर त्या पातळ साराच्या अवस्थेला पोंचला. डार्विनचें डबकें येथें समुद्राएवढें झालें! लेखक म्हणून पाहिलें तर हा विस्तार अप्रतिम आहे. पृथ्वी हेंच पातेलें, सूर्य हीच चूल, आणि स्वयंपाकी कोणीच नाहीं. निरीश्वरवादी वार्षिकाच्या वाचकाला याहून रुचकर पक्वान्न कोणतें वाढावें?

येथें मराठी वाचकासाठीं एक अडचण नमूद केली पाहिजे. इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवून 'आदिम सूप' असें लिहिण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. ज्या घरांत अजून धान्य पाखडलें जातें तेथें हा शब्द वाचून डोळ्यांपुढें काय उभें राहील तें सांगावयास नको. मी 'सार' हा शब्द पत्करला. आमसुलाच्या साराचा पातळपणा त्यांत येतो, आणि 'निष्कर्ष' हा दुसरा अर्थही चोरपावलांनीं येतो. आणि तो दुसरा अर्थच घातक आहे. सार म्हटलें कीं सर्व कांहीं त्यांत उतरलें आहे, आतां फक्त वाढावयाचें राहिलें आहे, असा भास होतो. इंग्रजी शब्दानेंही तिकडे हेंच केलें. सार तयार झालें, म्हणजे जेवण झालें, असें दोन पिढ्यांचे वाचक समजत राहिले.

वस्तुतः खरी अडचण त्या पातेल्यांतच आहे. आज पृथ्वीवरील समुद्रांचें पाणी सुमारें १३३ कोटी घन किलोमीटर आहे. त्यांत कितीही द्रव्यें ओतलीं तरी एका रेणूला दुसरा भेटणें दुर्मीळ. शिवाय भेटले तरी काय? दोन अमिनो आम्लें जोडलीं जातांना त्यांच्यामधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. साहजिकच भोंवतीं पाण्याचाच सुकाळ असेल तर ती जोडणी होण्यापेक्षां तुटण्याकडेच कल असतो. दूध आटल्याशिवाय बासुंदी होत नाहीं, हें ज्ञान आपल्या घरांत कोणालाही आहे. समुद्र मात्र आटत नाहीं. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच होता, आणि हाल्डेन यांच्या निबंधांत त्याला समाधानकारक उत्तर नाहीं. ते तेलकट पापुद्र्यानें वेढलेल्या अर्धजिवंत रेणूंच्या पुंजक्याकडे चटकन् उडी मारतात. ही उडी इतकी डौलदार आहे कीं खालची दरी दिसत नाहीं. आणखी एक गोष्ट : अतिनील किरणांच्या ज्या प्रयोगांवर त्यांनीं भिस्त ठेवली, ते लिव्हरपूलचे बेली यांचे प्रयोग पुढें इतरांच्या हातीं तसे उतरले नाहींत. पाया निघाला, इमारत शब्दांच्या बळावर उभी राहिली. तथापि हाल्डेन यांच्यावर अन्याय करूं नये. प्रयोगशाळेंत जीव निर्माण होईपर्यंत आपलें सर्व विवेचन तर्कच राहणार, अशी स्वच्छ कबुली त्यांनींच दिली आहे. आम्ही शिकविणारे ती कबुली गाळतों.

ओपारिन यांची गोष्ट निराळी. त्यांची १९२४ ची पुस्तिका आणि विशेषतः १९३६ चा मोठा ग्रंथ (त्याचें इंग्रजी भाषांतर १९३८ सालीं झालें) हे वाचतांना कोणी हंसणार नाहीं. लेखक पायरीवर पायरी ठेवतो, प्रत्येक पायरीवर उभा राहून ती ठोकून पाहतो, आणि मग पुढें जातो. वाचकाला दम लागतो. परंतु हाल्डेन जेथें उडी मारतात तेथें ओपारिन थांबले. द्रावणांतील मोठे रेणू विशिष्ट स्थितींत आपण होऊन एकत्र येतात आणि त्यांचे सूक्ष्म थेंब पाण्यांत वेगळे होतात, ही डच रसायनज्ञ बुंगेनबर्ग डी याँग यांची निरीक्षणें त्यांनीं हाताशीं धरलीं. थेंब म्हणजे सीमा. सीमा आली कीं 'आंत' आणि 'बाहेर' आलें. ओपारिनचे ते थेंब पहिले जीव होते असें आज फारसें कोणी मानीत नाहीं; पण रेणू एकत्र कसे आले, हा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. निबंधकार म्हणून हाल्डेन श्रेष्ठ. विचार करणारा म्हणून मी आतां ओपारिनला झुकतें माप देतों. हें वाक्य लिहावयास मला वीस वर्षें लागलीं.

यानंतर रंगभूमीवर येतें एक कांचेचें भांडें. शिकागो विश्वविद्यालयांत स्टॅन्ली मिलर नांवाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें पाणी, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन बंद नळ्यांत फिरवीत ठेवून त्यांत आठवडाभर विजेच्या ठिणग्या सोडल्या. पहिल्याच दिवशीं पाणी गुलाबी झालें, आठवड्याच्या अखेरीस गडद तांबडें. त्यांत ग्लायसीन, दोन प्रकारचें ॲलॅनिन इत्यादि अमिनो आम्लें सांपडलीं. १५ मे १९५३ च्या 'सायन्स' मध्यें हा दोन पानांचा निबंध निघाला; त्याच्या वीस दिवस आधीं 'नेचर' मध्यें वॉटसन व क्रिक यांनीं डीएनएच्या रचनेवरील आपलें टिपण छापलें होतें. मिलरचे गुरु हॅरॉल्ड यूरी हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. श्रेय विद्यार्थ्याला मिळावें म्हणून त्यांनीं निबंधावर आपलें नांव घालूं दिलें नाहीं. आमच्या विश्वविद्यालयीन जगांत ही गोष्ट सुवर्णाक्षरांनीं कोरून ठेवण्याजोगी आहे. पण तो विषय निराळा.

मिलरचें मूळ लेखन मी मुद्दाम वाचलें. त्यांत एक शब्द फाजील नाहीं. अमुक घेतलें, तमुक केलें, अमुक मिळालें. जीव निर्माण केला असें तो कोठेंही म्हणत नाहीं. तें आम्ही म्हटलें. वृत्तपत्रांनीं, पाठ्यपुस्तकांनीं, आणि माझ्यासारख्या हौशी वक्त्यांनीं त्या तांबड्या पाण्याला जवळ जवळ रक्ताचा दर्जा दिला. विटा सांपडल्या, घर झालें नव्हतें. पुढें भूशास्त्रज्ञांनीं पृथ्वीची आदिकालीन हवा बहुतांशीं कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांचीच असावी, असें अनुमान केलें. म्हणजे कर्बाच्या बाबतींत हाल्डेन यांचा अंदाज मिलरच्या भांड्यापेक्षां जवळचा ठरला. दैवाची थट्टा पाहा : त्या निबंधांत मिलर ओपारिनचें नांव घेतो, हाल्डेनचें नाहीं. मिलर २००७ सालीं वारला. त्याच्या जुन्या कुप्या त्याच्या शिष्यांनीं उघडून आधुनिक उपकरणांनीं तपासल्या, तेव्हां ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल करणाऱ्या एका प्रयोगाच्या कुप्यांत बावीस अमिनो आम्लें आढळलीं. हें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. विटा आणखी वाढल्या.

सार पातळ आहे ही गोष्ट पहिल्यानें नीट बोलून दाखविली ती ज्यांच्या ग्रंथाच्या परिशिष्टाचा मी आधार घेतला त्या बर्नाल यांनींच. १९४७ सालच्या एका व्याख्यानांत त्यांनीं सुचविलें कीं किनाऱ्यावरची, मुखांवरची माती, म्हणजे चिकणमाती, ही या द्रव्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवील, आणि जें समुद्रांत विखुरलें तें मातीवर दाटेल. मातीपासून जीव, ही कल्पना धर्मग्रंथांना नवी नाहीं, आणि त्यामुळें ती लोकांना फार आवडली. (आपल्याकडे अशा वेळीं नासदीय सूक्त पुढें करण्याची पद्धत आहे. तें सूक्त अखेरच्या ऋचेंत संशय व्यक्त करून थांबतें, हें मात्र करणारे सहसा विसरतात.)

आतां पुढील प्रसंग ऐकावा. डेव्हिड डीमर या अमेरिकन शास्त्रज्ञास वाटलें कीं डार्विनच्या डबक्यावर सव्वाशें वर्षें सर्वांनीं लिहिलें, पण प्रत्यक्ष डबक्यापाशीं कोणी गेलें नाहीं. ते रशियाच्या पूर्वटोकाला कामचट्काच्या ज्वालामुखींच्या प्रदेशांत गेले. मुत्नोव्स्की पर्वतावर उकळत्या, आम्लयुक्त पाण्याचें एक लहानसें डबकें त्यांनीं निवडलें. आणि बरोबर आणलेलीं अमिनो आम्लें, न्यूक्लिक आम्लांचे घटक, फॉस्फेट, ग्लिसरॉल आणि एक स्निग्धाम्ल अशी पांढरी भुकटी त्यांत ओतली. पृष्ठभागावर फेंस आला. मग ते ठराविक वेळानें पाण्याचे नमुने घेत बसले. कांहीं तासांतच बहुतेक सर्व द्रव्यें पाण्यांतून नाहींशीं झालीं. कोठें गेलीं? डबक्याच्या तळाच्या चिकणमातीनें तीं धरलीं आणि सोडलींच नाहींत. बर्नालची माती मदतीला आली ती अशी! २००६ सालीं डीमर यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें हें सर्व मोकळेपणानें सांगितलें. या सगळ्या वाङ्मयांत मला याहून प्रामाणिक प्रकरण आढळलें नाहीं. एका थोर पुरुषाची उपमा शब्दशः घेऊन ती पर्वतावर वाहून नेणें, तेथें ती फसतांना पाहणें, आणि परत येऊन तसें सांगणें, हें टीकाकाराचें काम एका रसायनज्ञानें केलें.

डीमर यांनीं हार खाल्ली नाहीं. डबकें तापतें, आटतें, पावसानें पुन्हां भरतें. आटतांना रेणू दाटतात आणि स्निग्ध पदार्थांच्या थरांमध्यें सांपडून जोडले जातात. भरतांना त्याच थरांचे फुगे होऊन जोडलेल्या साखळ्या आंत घेऊन तरंगतात. न्यूक्लिक आम्लांच्या सुट्या घटकांपासून अशा रीतीनें साखळ्या होतात, हें दाखविणारा २००८ सालचा निबंध ज्यांच्या नांवानें आरंभ होतो त्या सुधा राजमणी पुढें पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत येऊन याच विषयावर काम करूं लागल्या. आटवणें आणि पुन्हां पाणी घालणें : येथें डार्विनच्या 'लहानशा'चा अर्थ उलगडतो. समुद्राला हें करतां येत नाहीं, डबक्यालाच येतें. १८७१ च्या त्या विशेषणामागें डार्विनच्या मनांत हा विचार होता असें मी म्हणत नाहीं. पत्रांत तसें कांहीं नाहीं. परंतु चांगल्या लेखकाच्या हातून कधीं कधीं त्याच्या ज्ञानापेक्षां शहाणा शब्द पडतो, हा अनुभव आम्हां साहित्यवाल्यांना नवा नाहीं.

समुद्रपक्षाचें म्हणणें न ऐकतां निकाल देणें बरें नव्हे. १९७७ सालीं गॅलापागोसजवळ खोल समुद्राच्या तळाशीं ऊन पाण्याचीं मुखें व त्यांभोंवतीं दाटलेली जीवसृष्टि दिसली. २००० सालीं अटलांटिकच्या तळावर 'लॉस्ट सिटी' नांवानें ओळखलीं जाणारीं, साठ मीटरपर्यंत उंच अशीं पांढरीं धुराडीं सांपडलीं. तेथें खडक आणि पाणी यांच्या संयोगानें हायड्रोजन निघतो, पाणी अल्कधर्मी असतें, आणि खडकांत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. मायकेल रसेल आदींचें म्हणणें असें कीं, या छिद्रांच्या पातळ भिंतींच्या दोन बाजूंस आम्लतेचा जो फरक पडतो तोच आपल्या प्रत्येक पेशीला आजही ऊर्जा पुरवितो. म्हणून पहिलें घर तेंच. या पक्षाची उपमा अन्नाची नाहीं, चुलीची आहे; द्रव्य कोठून आलें यापेक्षां जाळ कोठून आला, हें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि सारवाल्यांनीं तो फार दिवस विचारलाच नव्हता. परंतु अल्कधर्मी पाण्यांत आरएनए टिकत नाहीं, तें सहज तुटतें, ही हरकत डबकेंपक्षी घेतात. तिचें पुरतें निरसन झालेलें मला दिसलें नाहीं.

आरएनएचें नांव निघालें म्हणून थोडक्यांत सांगतों. हा रेणू मजकूरही वाहतो आणि कामही करतो, हें चेक व ऑल्टमन यांनीं १९८० नंतर लवकरच दाखविलें. १९८९ सालीं त्यांस नोबेल मिळालें. प्रत्येक पेशींत प्रथिनें विणणारें जें यंत्र आहे त्याच्या गाभ्यांत जोडणीचें काम आरएनएच करतें, हें पुढें स्पष्ट झालें. त्या यंत्राच्या रचनेसाठीं २००९ सालीं नोबेल मिळविणाऱ्या तिघांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे पदवीधर वेंकटरामन रामकृष्णन हे होते. यावरून प्रथम आरएनए, मग इतर सर्व, असें मत बळावलें, आणि वॉल्टर गिल्बर्ट यांनीं १९८६ सालीं एका पानाच्या टिपणांत त्याला 'आरएनएचें जग' असें नांव दिलें. पानभर मजकुराला जगाचें नांव! नांव मिळालें कीं वस्तु असल्यासारखी वाटूं लागते. आपल्याकडेही हें झालें आहे. अलाहाबादचे कृष्ण बहादूर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रकाशाच्या साहाय्यानें तयार झालेल्या सूक्ष्म कणांना 'जीवाणु' असें नांव दिलें. ते कण जिवंत म्हणावे कीं नाहींत हा वाद मिटलाच नाहीं, १९६७ च्या अमेरिकन परीक्षणानेंही तो तसाच सोडला. शब्द मात्र मराठींत जीवजंतूंसाठीं रूढ आहे.

प्रश्न पृथ्वीबाहेर ढकलून देणारा एक पक्ष आहेच. डार्विनच्या पत्राच्याच वर्षीं, १८७१ च्या ऑगस्टमध्यें, सर विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनीं अध्यक्षपदावरून सांगितलें कीं जीवाचें बीज उल्कांवरून आलें असावें. यानें आरंभाचा पत्ता बदलतो, आरंभ समजत नाहीं. मात्र जयंत नारळीकर यांनीं या मताची परीक्षा ज्या रीतीनें केली ती वाखाणण्यासारखी आहे. २००१ व २००५ सालीं हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. दुसऱ्या खेपेच्या हवेंत तीन नवे जीवाणु सांपडले, आणि २००९ सालीं तें जाहीर करतांना ते पृथ्वीबाहेरचे असल्याचें यावरून सिद्ध होत नाहीं, असेंही स्पष्ट सांगण्यांत आलें. अशनींतून द्रव्यें येतात, हें तर आतां निर्विवाद आहे. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ सालीं आणलेल्या मातींत, प्रथिनांत लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकीं चौदा सांपडल्याचें २०२५ च्या आरंभीं जाहीर झालें. पण ह्याही विटाच.

आणि या कथेला साक्षीदार कोण? खडक. पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें; पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पिल्बारा भागांत ३४८ कोटी वर्षांपूर्वींचे, सूक्ष्मजीवांच्या थरांनीं रचलेले दगड बहुतेकांनीं मान्य केले आहेत. म्हणजे सारी कथा त्याआधीं घडून गेली. त्याच भागांतल्या एका दगडांत शॉफ यांनीं १९९३ सालीं पेशींच्या माळा वाचल्या. २००२ सालीं ऑक्सफर्डच्या ब्रेझियर यांनीं त्याच रेघा पाहून, हे खनिजांचे खेळ आहेत, असें म्हटलें. जीर्ण पोथीच्या एका अक्षरावरून दोन पंडितांत जें चालतें तेंच हें. ग्रीनलंडमधील ३७० कोटी वर्षांच्या खडकाविषयीं २०१६ सालीं असाच दावा झाला आणि दोनच वर्षांत त्यावर असाच आक्षेप आला. मूळ पोथीचीं पहिलीं पानें गहाळ आहेत. त्यामुळें या विषयांत प्रत्येक लेखक थोडाफार कथाकार होतो. त्याचा दोष नव्हे. दोष वाचकाचा, कथा आवडली म्हणून तो ती झाली असें धरून चालतो.

हाल्डेन आणि ओपारिन यांची भेट व्हावयास १९६३ साल उजाडलें. फ्लॉरिडांतील वाकुला स्प्रिंग्ज येथें याच विषयावर परिषद भरली होती. ओपारिन मॉस्कोहून आले. हाल्डेन तोंवर इंग्लंड सोडून भारतांत येऊन राहिले होते, १९६१ पासून ते भारताचे नागरिक होते, आणि भुवनेश्वराहून गेले. तेथें सर्वांसमक्ष त्यांनीं सांगून टाकलें कीं अग्रमान निःसंशय ओपारिन यांचा आहे. ज्याच्या लेखणीनें ती कल्पना इंग्रजी जगांत रुजविली त्यानें तिचें धनीपण असें सोडलें, आणि तें सोडतांना एकही उपमा वापरली नाहीं. पुढच्या वर्षीं १ डिसेंबरला भुवनेश्वर येथें त्यांचें देहावसान झालें.

हल्लीं मी वर्गांत हाल्डेन यांचा निबंध वाचतोंच. तो सोडवत नाहीं. मात्र आधीं डार्विनचें पत्र वाचतों, आणि साराच्या ओळीपाशीं थांबून, हें सार किती पातळ असेल, असें मीच विचारतों. यंदा एका मुलानें उलट विचारलें, "मग सर, कोणी डबक्यांत करून पाहिलें कां नाहीं?" घंटा व्हावयास पांच मिनिटें होतीं. मी खडू खालीं ठेवला आणि त्यांना कामचट्काची हकीकत सांगितली.